चौथा पर्याय

बोरगाव मेघे, गुरुवार, संध्याकाळ

घरात वऱ्हाडी बोलून वाढलेल्या पोरापोरींनो, शाळेने तुम्हाला एकच गोष्ट पक्की शिकवली: तुमचं तोंडच चुकीचं! सभेत माझ्या या वाक्याला टाळ्या पडतात. आज तेच वाक्य भरतीच्या मराठी वर्गात माझ्यासमोर बसलेलं दिसलं आणि तेव्हापासून चैन नाही.

रोहण्याची पूजा पोलीस भरतीची मैदानी चाचणी पार करून आलीय. रविवारी लेखी. आजच्या सराव पेपरात वाक्यातली चूक शोधायची होती. जी वाक्यं बरोबर होती, त्यांतही तिने चुका काढल्या. चौथा पर्याय, 'वाक्य बिनचूक आहे', एकदाही निवडला नाही.

"काऊन वं पूजा?"

"सर, मले जे बरोबर वाटते, ते चुकीचंच निंगते. म्हून तो पर्याय मी पाहतच नाई."

तिची मैत्रीण सीमा म्हणाली, "सर, हिची माय जेवाले बोलावते, तं ही त्याच्यातही चूक काढते!"

सगळे हसले, पूजाही. मला हसू येईना. नियम विचारले, तर तिने धडाधड सांगितले. मग कमी काय आहे? परीक्षेची भाषा शिकायलाच हवी, पण शिकलेलं स्वतःचं मानायचं नाही, हे कुठलं शहाणपण? चौथा पर्याय... डोक्यातून जातच नाही. वर्दी या भीतीपायी जाणार?

उद्या भाषण नको. एवढंच सांगायचं: पूजा, नियम लावून बघ. चूक सापडली नाही, तर चौथ्या पर्यायाचा गोल बेधडक काळा कर.