मैदानावर मामा नसतो

४ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा भाचा तुझ्या हवाली केला आहे. आता तुला कळेल की घराचे दरवाजे मला इतकी वर्षं बुटके का वाटत होते. भरतीवाल्यांनी त्याला उभं केलं, मान वर करून पाहिलं आणि जाहीर केलं की हा राजधानीत जाणार, परेडच्या पलटणीत. अकलेबद्दल कुणी चौकशीच केली नाही. त्याबद्दल तुमच्या खात्याचे आभार, नाहीतर पोरगा नापास होऊन घरी आला असता.

मी पडदे शिवणारी बाई. लोकांच्या खिडक्यांची मापं विसरेन, पण याचं विसरणार नाही. दरवर्षी त्याच्या विजारीची दुमड उसवायची आणि कापड खाली सोडायचं, हाच माझा संसार. त्याचे वडील गेल्यापासून तर दुसरं काही केल्याचं आठवत नाही. शेवटी उसवायला दुमडच उरली नाही, तेव्हा सैन्यात धाडला.

तू कवायतीचा उस्ताद झालास याचं मला कधी आश्चर्य वाटलं नाही. लहानपणी गल्लीतली पोरं रांगेत उभी करायचास आणि जो हसेल त्याला पट्टीने झोडायचास. आपले वडील म्हणायचे, हा एक तर मास्तर होईल नाहीतर तुरुंगात जाईल. सरकारने मधली सोय काढली.

थट्टा पुरे. त्याला उन्हात भोवळ येते, हे तुला ठाऊक आहे. मला तो एकच आहे, हेही. तुझ्याकडे बाकी काही मागत नाही. जसा दिला तसा परत दे.

तब्येतीला जप. माझ्यावर जेवढी माया करतोस तेवढी त्याच्यावर कर. शिल्लक राहिली तर पोस्टाने इकडे पाठव.

तुझी,
ताई

१५ मार्च

ति. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

शिडी पोचली. पोरांनी पहिल्याच दिवशी त्याला हे नाव ठेवलं आणि मलाही ते पसंत पडलं.

इथलं सगळं ठीक. आमची पलटण लढत नाही, दिसते. आजवर आम्ही चाल केली असेल तर ती पाहुण्यांच्या खुर्च्यांवर, तीही वळसा घालून. पण दिसणं म्हणजे गंमत नव्हे. कॉलरच्या आत दोन टाचण्या, टोकं गळ्याकडे. हनुवटी जरा खाली आली की रक्त. आठवडाभरात गाढवाची मानसुद्धा राजासारखी होते. गुडघ्यांत पत्त्याचं पान धरून उभं राहायचं; पान गळलं की वेताची छडी. अंगात जाड लोकरीचा लाल कोट. रक्त सांडलं तर शत्रूला दिसू नये म्हणून जुन्या लोकांनी हा रंग निवडला म्हणतात. आमचा शत्रू ऊन, त्याला काय दिसतं!

भोवळीचं म्हणशील तर त्यालाही रिवाज आहे. माणूस आहे, पडायचा. पण सरळ पडावं, हात पुढे न करता, झाड पडतं तसं. पडलेल्याकडे कुणी बघायचं नाही. रांगेने त्याच्यावरून पाय टाकून पुढे जायचं. कार्यक्रम संपला की आधी उस्तादाची लाथ, मग पाणी. माझ्या उस्तादाने मला असंच घडवलं. माझ्या दोन फासळ्या अजून पावसाळ्यात त्याची आठवण काढतात.

भाच्याने पहिल्या सकाळी सर्वांदेखत मला मामा म्हणून हाक मारली. मी थोबाडीत दिली आणि सांगितलं की मैदानावर मामा नसतो, बराकीत असतो, तिकडे ये, चहा पाजतो. संध्याकाळी आला बिचारा. एकाच गालाने चहा प्यायला.

काळजी नसावी. थोरल्या बहिणीने धाकट्यावर ठेवायचा तो विश्वास ठेवावास.

तुझा,
धाकटा

२ एप्रिल

ति. आईस,
शि. सा. न.

मी मजेत आहे. हे पत्र खिडकीच्या चौकटीवर कागद ठेवून उभ्याने लिहितोय. घाबरू नकोस, इथे सगळेच उभ्याने लिहितात. बसायच्या जागेवर छडीचा हक्क आहे.

माझ्या शेजारच्या खाटेवर पेंटर असतो. घरी भिंती रंगवायचा, म्हणून पेंटर. त्याला अशी एक बसली की कानाचा पडदाच फाटला. तो म्हणतो, बरं झालं, बँडचा त्रास निम्मा झाला. तुझी आई पडदे शिवते ना, मग माझाही शिवून मिळेल का म्हणून विचारत होता. मी सांगितलं, माप पाठव.

परवा सरावात मी पडलो. अगदी सरळ पडलो, मामांनीही मान्य केलं. नाक जरा बसलंय. आता ते बाबांसारखं दिसतं, तुला आवडेल. लाथ बसली ती रिवाजाची, जास्त काही नाही. नंतर मामांनी स्वतः माझं डोकं मांडीवर घेऊन पाणी पाजलं. हे तू त्यांना लिहू नकोस, त्यांना अपमान वाटेल.

मोठ्या परेडला मी पुढच्या रांगेत आहे. त्या दिवशी पडणार नाही, असा मामांना शब्द दिलाय. पडलो तर त्यांची मान खाली जाईल, आणि त्यांच्याही कॉलरमध्ये टाचण्या असतातच की.

तू शिलाई मशीनवर वाकून बसू नकोस, पाठ धरेल. ताठ बस. मी शिकलोय तसं शिकवीन.

तुझा,
शिडी

९ एप्रिल

चि. धाकट्यास,
आशीर्वाद. या वेळी अनेक नाहीत, एकच, तोही तोंडदेखला.

माझ्या पोराचं नाक दुरुस्त करायला मी तुला सांगितलं होतं का? पोरगा उभ्याने पत्र लिहितो आणि मला वाटावं की गंमत आहे म्हणून पानभर विनोद करतो. ही खोड त्याने माझ्याकडून उचलली आहे, त्यामुळे मला फसवता येत नाही. दुखतं तेव्हाच आपल्या घरात विनोद होतात.

लाथ आधी आणि पाणी मग, हा रिवाज कुठल्या शहाण्याने काढला? गाईसुद्धा वासरू पडलं तर आधी चाटतात. तुमच्यात शिंगांपासून सुरुवात.

तर आता नीट ऐक. ही मी विनंती करत नाहीये. त्याला त्या रांगेतून काढ. सामानघरात बसव, पितळ घासायला लाव, घोड्यांची लीद उपसायला लाव, मी गल्लीत अभिमानाने सांगेन की माझा मुलगा राजधानीत लीद उपसतो. तुझ्या एका शब्दाचं काम आहे.

उलट टपाली कळव. शब्द टाकलास तर माझा लोभ आहे तसाच राहील.

ताई

१८ एप्रिल

ति. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

एका शब्दाचं काम आहे हे खरं, पण तो शब्द माझ्या तोंडातून निघायला हवा ना. मी साहेबांपुढे उभा राहून काय सांगू, माझ्या भाच्याला ऊन बाधतं? इतकी वर्षं ज्यांना लाथा घातल्या, त्यांनाही आया होत्या. त्यांतल्या एकीचंही पत्र मी ऐकलं नाही. आज माझ्या बहिणीचं ऐकलं तर आधीच्या सगळ्या लाथा खोट्या ठरतील.

शिवाय पोरगा तयार झालाय, ताई. तू बघायला हवं होतंस. पुतळा लाजेल. माशी डोळ्यावर बसली तरी पापणी हलत नाही. मुख्य पाहुण्यांच्या बरोब्बर समोर त्याची जागा आहे. शेवटी मागची रांग पुढच्यांच्या डोक्यावरून आनंदाच्या फैरी झाडते, तेवढं झालं की संपलं. बंदुकांना घाबरू नकोस. काडतुसं पोकळ असतात, नुसता धूर आणि आवाज, भाषणांसारखंच.

परेड झाली की त्याला सुटी देतो. त्याला घेऊन मीच येईन. रागावलीस तरी चहा ठेवशील, एवढी खात्री आहे.

धाकटा

२६ एप्रिल, दुपार

ताई, नमस्कार. बाकीचा मायना तू मनाने भरून घे.

तुझ्या लेकाने माझं नाक कापलं. परेड संपत आलेली, फैरी सुटल्या, आणि आवाजासरशी हा आडवा! साऱ्या खुर्च्यांसमोर. माझ्या भाच्याला बंदुकीच्या आवाजाने भोवळ येते, हे आज अख्ख्या राजधानीला कळलं. रिवाजाप्रमाणे कुणी बघितलं नाही. रांग त्याच्यावरून पुढे गेली, मागची रांगही गेली, मीही पाय टाकून गेलो.

पाहुणे उठले, बँड थांबला, खुर्च्या उचलायला लागले, तेव्हा मी परत आलो. ऊठ म्हटलं. ढिम्म हलला नाही. लाथ घातली. तेव्हा मातीत तोंड खुपसलेल्या अवस्थेत म्हणाला, मामा. चार माणसांदेखत, मैदानावर! पहिली लाथ पडल्याबद्दल होती. दुसरी त्या शब्दाबद्दल घातली, जरा जोरातच. मग स्ट्रेचरवाल्यांच्या हवाली केलं. पाणी पाजायला थांबलो नाही. आज त्याला माझ्या हातचं पाणी नाही.

एक मात्र मी शत्रूचंही कबूल करतो. पडला सरळ. हात पुढे केला नाही.

हे टपालात टाकतो आणि दवाखान्यात जातो. चार शब्द ऐकवायचे आहेत त्याला.

धाकटा

२७ एप्रिल

ताई,

काल पाठवलेलं पत्र आलं तर उघडू नकोस. चुलीत घाल. तुला माझी शपथ.

तार तुला मिळाली असेल. तारेत जे लिहिता येत नाही ते असं आहे. पोकळ काडतुसांच्या पेटीत एक भरलेलं निघालं. मागच्या रांगेत कुणाचा तरी हात उन्हाने थकला, नळी खाली आली. गोळी पाठीत लागली, खांद्याच्या फऱ्याखाली. कोट लाल होता. मी जवळ उभा होतो, ताई, वाकून उभा होतो, कोट ओला दिसला आणि मला वाटलं, घाम.

मी दवाखान्यात पोचलो तेव्हा तो कोट कात्रीने कापत होते. आतलं अस्तर मुळात पांढरं असतं. डॉक्टर म्हणाला, गोळी लागल्यावर तासभर तरी जिवंत होता. शिव्या घेऊन गेलो होतो, त्या तशाच घेऊन परत आलो.

पुढे काय लिहू? मायना नाही, शेवट नाही.

धाकटा

१४ मे

धाकट्या,

तुझी दोन्ही पत्रं एकाच टपालाने आली. मी तारखेप्रमाणे वाचली. रांग मोडायची नाही, हे गल्लीत तूच शिकवलं होतंस. तुझी शपथ मोडली. तू अजून जिवंत आहेस, तेव्हा शपथांतही काही दम राहिलेला नाही.

पेटी आली. सोबत एक अधिकारी, घडी घातलेला झेंडा आणि एक पदक. अधिकारी गोरामोरा होऊन उभा होता, पण पाठ केलेलं त्याने नीट म्हणून दाखवलं. तुमच्या पलटणीने ठरवलंय म्हणे की नव्या पोरांना शिडीची गोष्ट सांगायची. गोळी लागली तरी सरळ पडला, हात पुढे केला नाही, हूं की चूं केलं नाही. चांगलं पडल्याबद्दल पदक देणारं हे जगातलं पहिलंच खातं असावं.

मी पेटी उघडायला लावली. तो नको नको म्हणत होता. का, ते झाकण निघाल्यावर कळलं. पेटी आखूड होती. पोराला गुडघ्यांत दुमडून बसवला होता, ट्रंकेत गोधडी कोंबावी तसा. टाचण्या टोचून, छड्या मारून ज्याला सरळ केलंत, त्याला परत पाठवताना दुमडलात. आयुष्यभर मी त्याच्या दुमडी उसवल्या. ही उसवता आली नाही. गुडघे लाकूड झाले होते. तसाच नेला.

फासळ्यांवर दोन निळे डाग होते, बुटाच्या टोकाएवढे. मी अधिकाऱ्याला विचारलं, हे काय. त्याच्या पाठ केलेल्यात त्याचं उत्तर नव्हतं. माझ्याकडे होतं, तुझ्या अक्षरात.

हूं की चूं केलं नाही, हे खोटं आहे. तो मामा म्हणाला.

तुझं २६ तारखेचं पत्र सोबत परत पाठवते आहे. नवी पोरं येतील तेव्हा गोष्टीच्या जागी हे वाच. मैदानावर, मोठ्याने, त्या शब्दासकट. वाचलंस की कळव. नाही वाचलंस तर कळवू नकोस, मी समजेन की मला भाऊ नव्हता.

तोवर लोभ मागू नकोस. माझ्याकडे आता एवढ्याशा मापाचासुद्धा उरलेला नाही.

ताई

३ जुलै

ति. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

वाचलं.

नवी तुकडी काल मैदानावर पहिल्यांदा उभी राहिली. गोष्ट सांगायला साहेबांनी मलाच पुढे केलं. मी खिशातून पत्र काढलं. दुसऱ्या लाथेपाशी माझा आवाज बसला. पेंटर मदतीला म्हणून शेजारी उभा होता, शिडीच्या शेजारच्या खाटेवरचा, कान गेलेला. तो शांतपणे म्हणाला की उस्ताद, या बाजूने ऐकू आलं नाही. मी पुन्हा वाचलं. तो माझ्याकडे न बघता म्हणाला की आता आलं.

साहेबांनी बोलावून घेतलं, बरंच सुनावलं. महिनाअखेर छडी जमा करायची आहे. त्यानंतर कुठे जायचं ते ठरलेलं नाही. हे सांगून मी काही मागत नाही.

पण वाचून झाल्यावर जे घडलं तेही तुला कळवायला हवं. ऊन चढलं होतं. रांगेतला एक मुलगा पडला. सरळ नाही, पोत्यासारखा, हात पुढे करून. मी त्याच्याजवळ गेलो आणि माझा पाय उचलला गेला. मी उचलला नाही, ताई, त्याचा तोच उचलला गेला. एवढं वाचून झाल्यावरही. एका पायावर बगळ्यासारखा मी सगळ्या तुकडीसमोर उभा होतो. कुणीतरी फिसकन हसलं. मी बघितलं नाही कोण ते.

पाय खाली ठेवायला मला फार जड गेलं. मग बसलो. आधी त्याच्या कोटाची बटणं काढली आणि हात आत घालून पाठ चाचपली. घामच होता. मग पाणी दिलं. त्याने डोळे उघडले, मी आहे असं बघितलं आणि मार चुकवायला दोन्ही हात डोक्यावर घेतले.

मी त्याला काही केलं नाही. नुसता बसून राहिलो, हात खाली घेईल म्हणून.

त्याने घेतले नाहीत.

धाकटा