भीमाबाईंचा खांदा

मुर्धा,
१४ मे १९९५

प्रिय रश्मी,

छकुली कशी आहे? परभणीच्या उन्हात बाळंतिणीला वेगळा शेक लागतच नसेल! इकडची बातमी म्हणजे आपल्या फिजिओथेरपीचा भाव एकदम वधारलाय. अर्ज घ्यायला कॉलेजच्या गेटबाहेर रांग, त्यात मुलींपेक्षा त्यांच्या आयाच जास्त. ‘रात्रपाळी नसते ना?’, ‘स्थळं चांगली येतात म्हणे!’ आपल्याला मालिशवाल्या म्हणायचे, आठवतंय? आपल्या वर्गात तिसांत तीन मुलगे, त्यातला अल्पेश तिसरं वर्ष संपलं तरी मेडिकल हुकल्याचं रडतोय. निम्म्या वर्गाचं तेच दुःख. हौसेनं आलेल्या तू नि मी दोघीच, आणि तूच दुसऱ्या वर्षानंतर लग्न होऊन गेलीस. मला राग आला होता गं. अजून आहे थोडा.

मॅडमनी तुझं नाव अजून काढलेलं नाही. जूनमध्ये आलीस तर तिसऱ्या वर्षात बसवतील, नाहीतर नाव गेलंच. तू लिहिलंस, सासूबाईंना विचारायची हिंमत नाही. लेकरू तान्हं, त्यात त्यांचा खांदा आखडलेला.

म्हणून तू माहेरी गेल्यापासून मी दर रविवारी शांती नगरला तुझ्या सासरी जातेय. तुला मुद्दामच कळवलं नाही. भीमाबाईंना स्वतःची वेणीही घालता येत नव्हती. बाबांच्या जुन्या होडीची कप्पी नेऊन छताच्या कडीला अडकवली, दोरी ओवली. चांगल्या हातानं ओढायचं, की आखडलेला वर जातो. पहिल्या दिवशी त्यांनी मला मनसोक्त शिव्या घातल्या. माझी आय मात्र दर वेळी सुके बोंबील बांधून द्यायची, ‘रिकाम्या हातानं जायाचं न्हाय.’

मागच्या रविवारी त्यांनी विचारलं, तुझी परीक्षा आली की माझ्याकडं कोण बघणार? मी म्हटलं, तुमच्या घरातच आहे की एक, पण अर्धीच शिकलेली. त्यांनी उठून चहा दिला.

आज गेले तर कप्पी पुसून पिशवीत ठेवलेली. म्हणाल्या, घेऊन जा, कडी लागणार आहे. आणि स्टुलावर चढून त्याच आखडलेल्या हातानं त्यांनी छकुलीच्या पाळण्याची दोरी बांधली. मला रडूच आलं. त्यांना लिहिता येत नाही, म्हणून त्यांचा निरोप मी लिहितेय: ‘माझा लोकेश न्हाई, मीच येतीय न्यायला. लेकराला मी बघते. तिला म्हणावं, राहिलेलं अर्धं शिकून घे.’

तुझीच, बाक अडवून बसलेली,
नेत्रा