बुरशीच्या रंगाची खोली

२ ऑगस्ट
ताईला पंधरा तारखेला हॉस्पिटलमधून सोडणार. डॉक्टरांची अट एकच : छातीला ओल सोसायची नाही, खोली कोरडी हवी. आई गेल्यावर ताईनेच आम्हाला वाढवलं. ती राहणार माझ्याकडेच. धाकटा भाऊही हक्क सांगतोय. सांगू दे. माझं तीस वर्षांचं रंगाचं दुकान आहे.
मागच्या खोलीत कपाटामागे थोडी बुरशी दिसली. थोडी म्हणजे कपाटाएवढी.

३ ऑगस्ट
गवंडी येऊन भिंतीवर टिचक्या मारून गेला. म्हणे, खोलीत कपडे वाळत घालू नका, कपाट वीतभर पुढे ओढा, खिडकी उघडा, बुरशी घासून काढा, भिंत वाळू द्या. रंगाचं मग बघू. मला रंग शिकवतोय. चहा पाजून वाटेला लावला.
दुपारी पांढऱ्याचा एक हात मारला. विषय संपला.

६ ऑगस्ट
विषय परत आला. दुसरा हात. खिडकी बंदच, ओल्या रंगावर धूळ बसते.

८ ऑगस्ट, सकाळी ७
बुरशी दारापर्यंत. मी दोन हात मारले, तिने चार पसरले.
सकाळी ९. जबरदस्त आयडिया. डाग भिंतीपेक्षा वेगळा असतो म्हणून दिसतो. शेडकार्ड घेऊन बुरशीपाशी बसलो. एकशे बारावी शेड हुबेहूब जुळली : ‘डोंगरी धुकं’.

१० ऑगस्ट
अख्खी खोली डोंगरी धुकं. बुरशी कुठे संपते ते मलाही सांगता येईना. बायको म्हणाली, म्हणजे आता सगळी भिंतच बुरशी. तिला रंगातलं कळत नाही.
नंतर ती धाकट्याच्या बायकोशी फोनवर दबक्या आवाजात बोलत होती. माझे कान तिखट. "वन्संची गादी तुझ्याकडे उन्हात घालून ठेव, असू दे." जावाजावांचा जिव्हाळा म्हणतात तो हाच.

१३ ऑगस्ट
नवी बुरशी उगवली. पांढरी. सरड्याला लोक उगाच नावं ठेवतात.
मधल्या जागेत ब्रशने आणखी पांढरे ठिपके काढले. आता डिझाइन वाटतं.

१५ ऑगस्ट
धाकटा ताईला घेऊन आला. ताई खुर्चीत बसली, चौफेर पाहिलं, रंग शांत आहे म्हणाली. मग खोकली. खोकतच राहिली. मी खिडकीकडे धावलो; तीन हात रंगाने चौकट चिकटलेली. बायको हातोडी आणेपर्यंत धाकट्याने ताईला खुर्चीसकट बाहेर नेलं.

१६ ऑगस्ट
धाकट्याकडे जाऊन आलो. भिंतींना धड रंग नाही, पोपडे निघालेत, खिडक्या सताड उघड्या. ताईचा खोकला मात्र बसलाय. तिला म्हटलं, आठवडाभर दे, दुसरी शेड बघतो. तिने माझा हात हातात घेतला.
"लहानपणी गादी ओली केलीस की वर कोरडी चादर घालायचास. म्हणायचास, ताई, हात लावून बघ. मी झोपायचेही त्यावर. आता नाही रे सोसत."
धाकटा मान खाली घालून हसत होता.
मला यातलं काहीही आठवत नाही.