अक्कलदाढेची पैज

४ नोव्हेंबर, मंगळवार

काढली! एकदाची काढली. खालची, डावीकडची अक्कलदाढ. वीस मिनिटं, दोन टाके. डॉ. वैष्णवीने ट्रेमध्ये दाखवली. एवढीशी, मुळं वाकडी. हिने मला वर्षभर छळलं?

पालघरहून घरी एडवणला येईपर्यंत रिक्षात लाळ गळत होती, मला पत्ताच नाही. ओठ बधिर. शेजारच्या बाईने न बोलता रुमाल दिला.

सूचनांचा कागद — थुंकायचं नाही, स्ट्रॉ नाही, सिगारेट नाही, गरम नाही. डॉक्टर म्हणाल्या, "खड्ड्यात रक्ताची गुठळी बसते. तीच पट्टी. तिला जपा."

जपणारच. सोळाला, रविवारी, बोईसरला माझं वाचन आहे. आयुष्यातलं पहिलं! मीच लिहिलेली अकरा पानं, एकही पूर्णविराम नाही. तोंड उघडायलाच हवं.

५ नोव्हेंबर

गाल फुगलाय. शालूआत्या मासळीबाजारातून आली ती थेट माझ्या डोळ्यांपुढे बोटं नाचवायला लागली.

"किती?"

तीन.

"आता?"

आत्या, दाढ काढलीय, डोळा नाही!

"दात काडला का डोला जातो. तुज्या काकाचा नाय गेला?"

कृष्णकांतकाकाला मोतीबिंदू होता. घरातल्या प्रत्येकाचं तिला हे सांगून झालंय. तिची स्वतःची उजवी दाढ दोन वर्षं किडलीय. लवंग दाबते, एकाच बाजूने चावते, मधूनच गाल सुजतो — पण दवाखाना नाय. "डोला गेला तर ताजी मासली वलकू कशी? कल्ला लाल हाय का काला, तू येशील सांगाला?"

वैतागून पैज लावली. सोळाला अकराच्या अकरा पानं न अडखळता वाचून दाखवते. डोळे पण शाबूत, तोंड पण. वाचली तर तिने दाढ काढायची.

"एक शबूद चुकला तरी नाय हां."

मंजूर!

६ नोव्हेंबर

दुखत नाही. चक्क नाही! दुपारी आत्याने शिंपल्यांचं कालवण केलं. गार करून, मिरची कमी, खास माझ्यासाठी. मऊच तर असतात. ताट रिकामं केलं. दोन दिवस पेज पिऊन मेलेली मी जिवंत झाले.

७ नोव्हेंबर

कान. दाढ नाही, कान! जबड्यातून कानात खिळा ठोकतंय कोणीतरी. तोंडाला घाण वास. लिहवत

८ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी पहिल्या रिक्षाने पालघर. आत्या बाजार सोडून बरोबर आली. हे तिने बाबांच्या लग्नातही केलं नव्हतं म्हणतात.

मी खुर्चीत रडले. उगाच कशाला खोटं लिहू — भोकाड पसरलं. बाहेरच्या बाकावरून कुठल्याशा कंपनीतला एक भाऊ ओरडला, "दीदी, ज़रा धीरे! हम भी लाइन में हैं."

ड्राय सॉकेट. गुठळी निघून गेलीय, आतलं हाड उघडं पडलंय.

"स्ट्रॉने काही प्यायलात?" नाही. "सिगारेट?" नाही! "मग काय चोखलंत?"

दारातून आत्या — "शिंपल्या."

डॉक्टरांनी डोळे मिटले. "शिंपल्या चोखून खाल्ल्या?"

"मंग काय, चमच्यानं खायाच्या?"

खरंच की! स्ट्रॉ नको, सिगारेट नको — शिंपल्या नको असं त्या कागदावर कुठे होतं? आमच्या आळीत शिंपली न चोखता खाणारा माणूस अजून जन्मायचाय.

खड्डा धुतला. लवंगेच्या तेलातली बारीक पट्टी आत भरली. आणि पाच मिनिटांत — खरोखर पाच! — सगळं थांबलं. जगातला आवाजच कोणीतरी बंद केल्यासारखं. मी हसत बाहेर आले. आत्या काउंटरवरच्या मोनालीशी हळू आवाजात काहीतरी बोलत होती. पापलेटचं गिऱ्हाईक जोडत असणार.

१० नोव्हेंबर

पट्टी बदलली. दुखणं नाही, पण जबडा आखडलाय. तोंड दोन बोटं उघडतं. दोन बोटांच्या फटीतून अकरा पानं कशी काढायची? कार्यक्रम केदारचा आहे. त्याला मेसेज टाकला, माझं नाव काढ.

आत्या बोंबील साफ करत होती. मान वर न करता म्हणाली, "बरा झाला. पैज मी जिंकले."

तसं नाही आत्या —

"तसाच. माजी दाढ माज्या तोंडात. जा, झोप जा."

इतका संताप आला! केदारने वाचायच्या आत मेसेज उडवला.

११ नोव्हेंबर

गरम शेक. उघड, मीट, उघड, मीट. आरशात मासाच दिसते.

१३ नोव्हेंबर

तीन बोटं!!! डॉक्टर म्हणाल्या, खड्डा छान भरतोय, पट्टीची गरज नाही.

आणि एक शोध. लिहिताना मी श्वासाचा विचारच केला नव्हता. पूर्णविराम नाही म्हणजे थांबायचंच नाही असा माझा माज. आता जबडाच सांगतो, इथे थांब. थांबले की पुढचं वाक्य जास्त जोरात येतं. अकरा पानं पहिल्यांदा माणसाने बोलल्यासारखी वाटली. हे कॉलेजात कोणी शिकवलं नव्हतं!

१६ नोव्हेंबर, रविवार

वाचलं! वाचलं! वाचलं!

चाळीस खुर्च्या, तीस माणसं. आत्या पहिल्या रांगेत, ठेवणीतलं लुगडं नेसून, हातात माझी झेरॉक्स. उलटी धरलेली — मी खूण केली तेव्हा सरळ केली. सातव्या पानावर डावा जबडा कटकन वाजला. थांबले. श्वास घेतला आणि पुढे सुटले ते थेट शेवटपर्यंत. एक शब्द चुकला नाही. टाळ्या थांबेनात. एक आजोबा म्हणाले, "पोरी, मला दम लागला ऐकताना."

आत्याकडे बघून भुवया उडवल्या. तिने हात जोडले. पैज माझी! माझ्या साहित्याने एक दाढ हलवली!

१८ नोव्हेंबर, मंगळवार

ऐटीत आत्याला घेऊन दवाखान्यात गेले. मोनालीला म्हटलं, हिचं नाव लिही. ती म्हणाली, "आहे की आजचं. त्यांनी आठ तारखेलाच घेतलं. सोळानंतरचं द्या म्हणाल्या."

आठ! मी भोकाड पसरलं त्या दिवशी.

"रडत आत गेलीस, हसत भायेर आलीस. मंग भ्याचा कशाला?" आत्या म्हणाली.

मग पैज?

"तवा पैज मी जिंकले म्हनाले नसते, तर तू वाचाला गेली असतीस?"

पदर खोचला आणि आत गेली. मी बाकावर बसून राहिले.

ती ओरडली नाही.