हिरवा ठिपका

प्रिय आनंदा,

हे पत्र मायावहिनी तुला वाचून दाखवतील, म्हणून अक्षर मोठं आणि सुटं काढते आहे. तुझ्या डोळ्यांवरची पट्टी बुधवारी सोडणार, असं सिस्टरने सांगितलं. हो, मी येऊन गेले. दोनदा. दोन्ही वेळा वॉर्डाच्या दाराशी वहिनींच्या हातात शहाळ्याची पिशवी दिली आणि परत फिरले.

आपल्या कोल्ड स्टोरेजमध्ये शांतता आहे. दोन नंबरचा कॉम्प्रेसर उघडून ठेवलाय. मागच्या चाळीतून बाहेर काढलेली माणसं गळतीच्या दिवशीच घरी परतली. मुलांना खोकला होता, तोही आता थांबला. कॉटन ग्रीन स्टेशनपर्यंत पोचलेला अमोनियाचा वास गेला, पण मला तो धुतलेल्या पदरालाही येतो. तू आत शिरून झडप बंद केली नसतीस तर, हा विचार सुरू झाला की मी उठून घरातल्या गॅसचं बटण तपासते. दिवसातून सहा-सात वेळा. आई म्हणते, लालबागमध्ये एवढी माणसं राहतात, सगळ्यांचा गॅस तूच बंद कर.

परवा जुनी डायरी काढली. आपण नोकरीला लागलो त्या पहिल्या आठवड्यातलं पान. इतर लोकांसमोर तू मला मॅडम म्हणायला लागला होतास आणि मला हसू आवरत नव्हतं, कारण सातवीपर्यंत माझ्याच वहीतली गणितं उतरवायचास. त्या दिवशी तू लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या घरावर टेकवलंस आणि मूठ माझ्या कानाला लावलीस. "ऐक, अने. हा गुळगुळीत बोलतोय. घसा खरखरला की समजायचं, घास कोरडा जातोय, तेल कमी पडतंय." इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत मला कुणी एवढं सोपं सांगितलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी मी कंप मोजणारे सेन्सर आणले, तेव्हा भर मीटिंगमध्ये तू विचारलंस, "मॅडम, माझा कान रिटायर का?" सगळे हसले. मीही हसले. नंतर चौदाच्या चौदा सेन्सर तूच घासूनपुसून बसवलेस. वर्षाला सात वेळा बंद पडणारी यंत्रं दोनदाच पडली. योजना वाईट नव्हती, हे मी अजूनही म्हणते. वाईट काय होतं ते सांगते. दर सोमवारी मॅनेजर अभय सरांच्या केबिनमधल्या स्क्रीनवर वरचे लोक विचारायचे, इतके लाल ठिपके का? मग मी अशी सोय करून घेतली की ज्या यंत्राचा अलार्म गप्प केलाय त्याचा ठिपका हिरवा दिसेल. डायरीत लिहिलंय, 'तात्पुरतं'. त्याला दीड वर्ष झालं.

दसऱ्याला तू नेहमीसारखा नागपूरला दीक्षाभूमीवर गेलास. निघायच्या आधी सगळी यंत्रं धुऊन-पुसून ठेवलीस. "पूजा तुमची, आंघोळ माझ्याकडून." सकाळी पाळीवरच्या राजेशने दोन नंबरला झेंडूचा जाड हार आवळून बांधला आणि ऐन आरतीत त्याच्या अलार्मने माझा फोन किंचाळायला लागला. कोणीतरी ओरडलं, "मॅडम, देवी पावली!" मला वाटलं, हाराच्या दोऱ्याने सेन्सर ओढला जातोय. हार काढून कान लावायला दोन मिनिटं लागली असती. हाताला हळद होती, अंगावर पैठणी होती. पण ती कारणं नव्हेत. माझं यंत्र सगळ्यांसमोर चुकीचं ओरडलं याची मला लाज वाटली. फोनवर दोन पर्याय आले, 'एक तास' आणि 'पुन्हा चालू करेपर्यंत'. मी दुसरा दाबला. वेळ दहा चाळीस. त्या दिवशीच्या डायरीत पूजेवर तीन पानं आहेत आणि शेवटी एक ओळ, 'हार काढल्यावर अलार्म चालू करणे.' दुसऱ्या दिवशी हार निघाला. अलार्म मी चालू केला नाही.

तू आठव्या दिवशी कामावर आलास आणि यंत्राजवळूनच फोन केलास. "अने, दोन नंबरचा घसा बसलाय. तुझ्या फोनवर काय दिसतंय?" मी मीटिंगमध्ये होते. पाहिलं, हिरवा ठिपका. म्हटलं, "सगळं ठीक आहे रे. गाडीच्या खडखडाटाने तुझेच कान बसले असतील." तू हसलास. "असेल बुवा." आणखी दोन दिवसांनी बेअरिंग अडकलं, सील फाटलं आणि अमोनिया बाहेर आला.

काल चौकशीचा मसुदा माझ्या टेबलावर आला. त्यात लिहिलंय, फिटर रजेवर होता, परत आल्यावर बिघाडाचा आवाज ओळखू शकला नाही. खाली माझ्या सहीची जागा. सोबत तुझा जबाब, "चूक माझीच." डोळे बांधलेले, म्हणून सहीऐवजी अंगठा. शाळेत माझ्यापेक्षा सुंदर अक्षर असलेल्या माणसाचा अंगठा. अभय सर म्हणाले, "तो स्वतःच कबूल करतोय, तू कशाला मध्ये पडतेस?"

आज सकाळी मी त्या मसुद्यावर सही केली नाही. दहा चाळीसची नोंद, तुझ्या फोनची वेळ आणि डायरीचं ते पान जोडून माझा स्वतंत्र जबाब दिला. ते मला ठेवतील की काढतील, माहीत नाही. पण मी लिहायला बसले ती त्यासाठी नाही. परवा दाराशी वहिनी म्हणाल्या, "ताई, हे डोळ्यांचं काही बोलतच नाहीत. सारखं एकच, माझा कान गेला." समोर येऊन बोलले असते तर तू दुसऱ्याच वाक्याला मला माफ करून मोकळा झाला असतास आणि हे सांगायचं राहिलं असतं. आनंदा, तुला बरोबर ऐकू आलं होतं. वहिनी, हे वाक्य त्याला पुन्हा एकदा वाचून दाखवा. हे पत्र सिस्टरच्या हाती वर पाठवते आहे. मी खाली केसपेपरच्या खिडकीजवळच्या बाकावर बसले आहे. त्याने बोलावलं तर येईन. नको म्हणाला, तर तेही खाली येऊन सांगा.

तुझीच,
अने