दादा, तुझा खोकला मी लपवला

प्रिय दादा,

तुझ्या मुंबईच्या वाद्यवृंदाने स्मरणिकेसाठी तुझ्याविषयी दोन पाने मागितली आहेत. ‘अल्पशा आजाराने निधन’ असे लिहिले आणि कागद फाडला. अल्पशा? पाच महिने मला तो ठाऊक होता! म्हणून आधी तुलाच लिहीत आहे.

नेरच्या बँडमध्ये बाबांच्या शेजारी उभा राहून तू ट्रॉम्बोन शिकलास. वरातीत ती लांब नळी पुढे सरकली की बाबा नाचणाऱ्यांना ओरडायचे, “मांगं व्हा बे, नाक फुटन!” पुढे अमरावतीच्या बँडमास्तरांनी तुला पाश्चात्त्य स्वरलेखन शिकवले. मुंबईला निवड झाली आणि दुसऱ्याच वर्षी एकल वादन ठरले! स्वरपत्रिकेतले परके शब्द तू फोनवर वाचायचास; मी ग्रंथालयात अर्थ शोधायचे.

दिवाळीला आलास तो खोकतच. दवाखान्यात माझ्यासमोर क्षयाचे निदान झाले. सिस्टर म्हणाल्या, “गोळ्या सहा महिने सोडाच्या नाही. अन् घरच्यायले तपासाले आना.”

बाहेर येताच तू म्हणालास, “बाबाले सांगू नको वं. मुंबईत समजलं त एकल गेलंच समज. फुंकणाऱ्याची छातीच खराब म्हटल्यावर कोण उभं करते?”

मी मान डोलावली. शाळेत पहिली येणारी मी! तू पंधरा दिवस बाबांच्याच खोलीत निजलास.

मळमळते म्हणून दोन महिन्यांत गोळ्या सोडल्यास. मी फोनवर रडले. सांगितले मात्र कुणालाच नाही. तुझे एकल वादन झाले. त्या टाळ्या तू मला फोनवरून ऐकवल्यास. महिन्याभरात तू गेलास.

रोगाचे नाव बाबांना मुंबईच्या रुग्णालयात कळले. आता ते स्वतः खोकतात. तपासणीचे म्हटले की चिडतात, “त्याले तो रोग मुंबईत लागला. आपल्या घरात कुठून येईन? धूळ हाय ही!”

दादा, तू स्वतःसाठी लपवलेस, हे मी समजू शकते. पण ज्यांनी तुला पहिला स्वर दिला, त्यांच्या छातीचा विचार तुझ्या मनात का आला नाही? आणि माझ्या मनात तरी?

उद्या सकाळी बाबांना दिवाळीपासूनचे सगळे सांगेन. ते कदाचित माझ्याशी बोलणे सोडतील. सोडू देत. अबोल्यातच, पण त्यांना दवाखान्यात नेईन. हा माझा शब्द. तुला दिलेला मोडते आहे. तो देऊच नये, एवढे शहाणपण मला तेव्हा असते तर!

तुझी धाकटी,
पल्लवी