पेपरलेस संघ

१ मार्च २०१०
आजपासून मी, राजाराम, आपल्या गिरणी कामगार संघाचा रेकॉर्ड ऑफिसर. सेक्रेटरी भिवाने मीटिंगमध्ये जाहीर केलं. टाळ्या ऐकू आल्या नाहीत, पण पंखा फार आवाज करतो. ब्याऐंशीच्या संपाआधीची सगळ्यांची गिरणीची कार्डं कॉम्प्युटरवर घ्यायची. सरकार कामगारांना घरं देणार, त्या अर्जाला गिरणीत काम केल्याचा पुरावा लागतो आणि गिरणीचं दप्तर कधीच गेलं. संकल्प : घाई नाही. आधी पाया.

३ मार्च
'इलेक्ट्रॉनिक रेकॉर्ड धोरण, भाग १' लिहायला घेतलं. चंपाने विचारलं, गॅस कधी आणणार? बायकोला व्हिजन नाही.

९ मार्च
धोरण चालू. मुखपृष्ठ पूर्ण.

१२ मार्च
बकुळाबाईंनी नवऱ्याचं कार्ड आणून दिलं. बुधाजी आणि मी सायझिंग खात्यात एकदमच बदली कामगार होतो. कायमवाला आला नाही की आम्ही त्याच्या जागी. संपात बुधाजी गावी गेला, तिकडेच वारला. बाई डिलाईल रोडला दिराच्या खोलीत राहतात, जावेचं ऐकून घेतात. घर मिळालं तर सुटतील. कार्ड देताना हातातून सोडवेना. भाऊ, जपा हां, म्हणाल्या. मी धोरणातलं कलम सहा वाचून दाखवलं.

२२ मार्च
फाइलला नाव कसं द्यायचं, यावर दहा दिवस विचार. तिकीट नंबर, खातं, तारीख, शेवटी माझी सही. नाव इतकं लांब झालं की कॉम्प्युटर घेईना. कॉम्प्युटर जुना आहे.

२९ मार्च
भिवा सगळ्यांसमोर बोलला. महिना झाला, एक कार्ड चढवलं नाहीस, कसला रे तू ऑफिसर? बायका बघत होत्या. कान तापले. उद्या दाखवतोच.

३० मार्च, संध्या. ६
दाखवलं! एका दिवसात दोनशे अकरा कार्डं. भिवाने स्वतः चहा मागवला. युक्ती साधी. फालतू हालचाल करायची नाही. कार्ड स्कॅनरवर ठेव, बटण दाब, पुढचं घे.

२ एप्रिल
भिवा गावी. आल्यावर सरप्राइज : संघ पेपरलेस! कलम चार, एका गोष्टीची दोन रेकॉर्डं नकोत, घोळ होतो. कार्डांचे गठ्ठे रद्दीवाल्याला दिले. कपाट हललं, तिथे माझी फिरती खुर्ची मस्त बसली.

८ एप्रिल
एक छोटी बाब. कार्डावर पुढे फक्त नाव आणि नंबर. दर महिन्याच्या हजेरीचे शिक्के मागच्या बाजूला. बदलीवाल्याचा पुरावा म्हणजे ते शिक्केच. मी पुढची बाजू स्कॅन केली. फक्त पुढची. दोनशे अकरा वेळा.
अकरा वर्षं खिडकीवर रांग लावून तेच शिक्के मारून घेतले मी. मलाच कळू नये? लाज वाटते. पण 'कार्ड उलटा' असं स्कॅनरवर कुठेही लिहिलेलं नव्हतं.

९ एप्रिल
रद्दीवाल्याकडे पळत गेलो. माल शनिवारीच लगद्याला गेला. काय होतं त्यात, विचारलं त्याने. जुने दिवाळी अंक, म्हणालो.

१४ एप्रिल
जयंती. बकुळाबाईंनी लांबूनच हसून जयभीम केला. मी डीजेच्या स्पीकरच्या भिंतीमागे लपलो. अठ्ठावन्न वर्षांचा घोडा! कान अजून वाजतायत. चांगली शिक्षा झाली.

१६ एप्रिल
बकुळाबाई ऑफिसात आल्या, आमचं कागद कधी मिळंल म्हणून. सर्व्हर डाऊन आहे, म्हणालो. सर्व्हर म्हणजे काय ते मलाही नक्की माहीत नाही. त्यांनी बिचारीने मान डोलावली, भाऊ, लई राबताय, म्हणाल्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं. संकल्प : उद्या सांगून टाकायचं.

१७ एप्रिल
उद्या.

१८ एप्रिल
रविवार. उद्या भिवा येतो. त्याच्या आधी सांगायलाच हवं.

१९ एप्रिल
सकाळीच बकुळाबाईंच्या दारात गेलो. आत न जाता सगळं सांगितलं. मागची बाजू, रद्दी, सर्व्हरसुद्धा. वाटलं, रडतील. चप्पल काढतील. काढायला हवी होती.
त्यांनी पत्र्याच्या पेटीतून प्लास्टिकची पिशवी काढली. कार्डाची झेरॉक्स. दोन्ही बाजूंची, वर नोटरीचा शिक्का. चालते म्हणे, अर्जाच्या खिडकीवर विचारून आल्यात. सगळ्याच बायकांनी काढून ठेवल्यात.
कधी, विचारलं. रेकॉर्ड राजारामभाऊ बघणार असं कळलं, तसं दुसऱ्याच दिवशी सगळ्या मिळून गेलो, म्हणाल्या. वाईट वाटून घेऊ नका, म्हणाल्या. पाणी दिलं. मग विचारलं, तुमच्या कार्डाची काढलीय ना?
माझं कार्ड पहिल्या गठ्ठ्यात सगळ्यात वर होतं. नमुना म्हणून मीच ठेवलेलं.
हो, म्हणालो.
घरी आलो तर चंपाने आमचा अर्ज भरून ठेवलेला. कार्ड कुठाय, विचारलं तिने.
कॉम्प्युटरवर आहे, म्हणालो.